नातवाच्या नावे फ्लॅट करताना : अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाला मालमत्ता देण्याचे कायदेशीर मार्ग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील फ्लॅट आपण नोकरीच्या पैशातून घेतला असून तो एकट्या आपल्या नावावर आहे. सातारा जिल्ह्यात थोडी वडिलोपार्जित जिरायत जमीन आहे. मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, सून नोकरी करते, नातू नऊ वर्षांचा आहे, आणि फ्लॅट आपल्या हयातीतच नातवाच्या नावे व्हावा अशी आपली व आपल्या पत्नीची इच्छा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मुलीने तिच्या लेकीसाठी तिकडे ‘कस्टोडियन’ खाते उघडले आहे आणि मूल मोठे होईपर्यंत त्याचा सगळा कारभार तीच पाहते. तशीच व्यवस्था इथे फ्लॅटसाठी करता येईल का, आणि सुनेऐवजी आपला धाकटा भाऊ कस्टोडियन होऊ शकेल का, असे आपण विचारले आहे. सुनेवर अविश्वास नाही, पण उद्या तिने पुनर्विवाह केला तर काय, ही धास्तीही आपण मोकळेपणाने लिहिली आहे.

फ्लॅट नातवाला बक्षीसपत्राने देता येतो. त्याच्या वयाची त्याला आडकाठी नाही. मात्र तो एकदा त्याच्या नावावर झाला की तो अठरा वर्षांचा होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीवाचून तो कोणालाही विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, मग ती आई असो, आजोबा असोत की चुलत आजोबा. अमेरिकेतील कस्टोडियनला असतात तसे अधिकार आपल्या भावाला द्यायचे असतील तर साधे बक्षीसपत्र पुरणार नाही, त्यासाठी न्यास म्हणजे ट्रस्ट करावा लागेल. म्हणून कोणता दस्त करायचा हे ठरवण्याआधी पुढच्या नऊ वर्षांत हा फ्लॅट विकण्याची, बदलण्याची किंवा इमारतीच्या पुनर्विकासात देण्याची वेळ येऊ शकते का, याचा विचार करावा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी ‘देणे’ नीट योजलेले असते. मूल लहान असतानाच ती मालमत्ता हलवावी लागली तर ती कोण हलवणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

आपल्या मुलीने जे केले आहे ते आधी समजून घेऊ, कारण तुलना तिथूनच सुरू होते. अमेरिकेत १९८३ साली समान कायद्यांच्या आयोगाने ‘युनिफॉर्म ट्रान्स्फर्स टू मायनर्स ॲक्ट’ हा नमुना कायदा तयार केला आणि नंतर जवळपास सर्व राज्यांनी तो आपापल्या फेरफारांसह स्वीकारला. त्याआधीचा १९५६ चा नमुना कायदा मुख्यतः रोख रक्कम आणि रोखे यांच्यापुरता होता. नव्या कायद्याने घर-जमिनीसह सर्व प्रकारची मालमत्ता त्यात आणली. पद्धत अगदी सुटसुटीत आहे. खात्यावर किंवा दस्तावर ‘अमुक व्यक्ती, तमुक मुलाची कस्टोडियन, या राज्याच्या अमुक कायद्यानुसार’ एवढे शब्द लिहिले की कस्टोडियनचे सर्व अधिकार आणि कर्तव्ये कायद्यानेच त्याला जोडली जातात, वेगळे न्यासपत्र लिहावे लागत नाही. मालकी त्याच क्षणी मुलाची होते आणि दिलेले परत घेता येत नाही. कस्टोडियनने ती मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायची, हिशेब ठेवायचा, दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा सुज्ञ माणूस घेईल तेवढी काळजी घ्यायची आणि मुलाच्या हितासाठी न्यायालयात न जाता ती विकायची, गुंतवायची किंवा खर्च करायची. समोरच्या खरेदीदाराने कस्टोडियनच्या अधिकाराची खोलात चौकशी करण्याची गरज नसते. ठरलेल्या वयाला मालमत्ता मुलाच्या हाती द्यावी लागते; न्यू जर्सीत ते वय साधारणपणे २१ आहे, काही राज्यांत १८ आहे. या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे न्यायालयाविना विक्रीचा अधिकार. भारतीय कायद्यात पालकाला नेमका तोच नाही.

आपल्याकडे ‘कस्टोडियन’ असे कायदेशीर पदच नाही. मुलाच्या मालमत्तेसाठी इथे पालक असतो, म्हणजे दस्ताच्या भाषेत पालनकर्ता, आणि हिंदू कुटुंबासाठी त्याचे अधिकार हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ ठरवतो. कलम ६ नुसार नैसर्गिक पालक पिता आणि त्याच्यानंतर माता. आपला मुलगा हयात नसल्यामुळे आज नातवाची एकमेव नैसर्गिक पालक आपली सून आहे, आणि पुनर्विवाह केल्याने तिचे हे स्थान जात नाही. धर्मांतर केल्यास किंवा संसाराचा पूर्ण त्याग केल्यास ते जाते. कलमाच्या स्पष्टीकरणात सावत्र पित्याला ‘पिता’ या शब्दातून वगळले आहे, त्यामुळे तिचा दुसरा नवरा केवळ लग्नाच्या नात्याने नातवाचा पालक होणार नाही. आपल्या धास्तीचे निम्मे उत्तर इथेच मिळते. उरलेल्या निम्म्यासाठी मी एक विनंती करतो : कोणत्याही दस्तात ‘सुनेने पुनर्विवाह केल्यास’ अशी अट घालू नये. तिने हे दुःख सोसत मुलाला वाढवले आहे, आणि तो दस्त उद्या तिच्या मुलाच्याच हाती पडणार आहे. जी काळजी आपल्याला घ्यायची आहे ती तिचा उल्लेखही न करता घेता येते, ते पुढे सांगतो.

आपण किंवा आपला भाऊ पालक म्हणून सही करू शकाल का? नाही. कलम ११ असे सांगते की केवळ प्रत्यक्षात मुलाचा सांभाळ करतो म्हणून कोणालाही त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येत नाही. आजी-आजोबांनी मूल वाढवले, शाळेची फी भरली, तरी मालमत्तेपुरते ते कायद्याच्या दृष्टीने परकेच. मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार कलम ९ पित्याला आणि विशिष्ट परिस्थितीत मातेला देते. आजोबांना तो नाही. राहिला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाने पालक नेमण्याचा मार्ग. परंतु सक्षम आई असताना न्यायालय तिला डावलून चुलत आजोबांना नेमेल अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही, आणि तसा अर्ज करणे म्हणजे घरातल्या घरात दावा लावण्यासारखेच आहे.

आता या प्रश्नाचा गाभा असलेल्या कलम ८ कडे येऊ. नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताची, गरजेची आणि वाजवी अशी सर्व कामे करता येतात. मात्र न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता गहाण ठेवता येत नाही, विकता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येत नाही, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा भाडेपट्टाही करता येत नाही. परवानगी केव्हा मिळते? गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तेव्हाच. फ्लॅट पुण्यात असल्यामुळे अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात करावा लागेल. अर्जात ‘शिक्षणासाठी पैसे हवेत’ एवढे एक वाक्य पुरत नाही. मिळकतीचे वर्णन, तिची बाजारातील किंमत, येणारी रक्कम कशी वापरणार, उरलेली कुठे गुंतवणार, हे सर्व कागदोपत्री दाखवावे लागते. परवानगीच्या आदेशात न्यायालय गरज किंवा फायदा नमूद करते आणि बहुधा अटी घालते : विक्रीची रक्कम न्यायालयात जमा करावी, ठरावीक गुंतवणुकीत ठेवावी, व्यवहार न्यायालयाच्या मान्यतेनंतरच पुरा करावा, इत्यादी. हे सर्व मुलाच्या संरक्षणासाठी आहे आणि ते योग्यच आहे. पण महिनोन्महिने थांबणारा खरेदीदार मिळणे कठीण, आणि मिळालाच तर किमतीत ते वसूल करून घेतो.

परवानगी न घेता विक्री झाली तर? असा व्यवहार मुळातच रद्दबातल नसतो, तो मुलाच्या इच्छेनुसार रद्द होण्याजोगा असतो. सज्ञान झाल्यावर त्याने तीन वर्षांच्या आत तो नाकारायचा, असे मुदतीच्या कायद्याचे अनुच्छेद ६० सांगते. नाकारण्यासाठी प्रत्येक वेळी दावाच लावावा लागतो असेही नाही. दावणगेरेच्या एका प्रकरणात वडिलांनी अज्ञान मुलांच्या नावचे भूखंड परवानगीवाचून विकले होते, आणि मुलांनी सज्ञान झाल्यावर तेच भूखंड दुसऱ्याला विकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा निःसंदिग्ध वर्तनातूनही जुना व्यवहार नाकारला जाऊ शकतो. याचा परिणाम आपल्यासारख्या कुटुंबांवर होतो तो असा : मालकीच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्या शोध अहवालात अज्ञान मालकाचे नाव दिसले की बँकेचा वकील न्यायालयाचा आदेश मागतो आणि आदेश नसेल तर कर्ज मंजूर होत नाही.

कोथरूडचा फ्लॅट म्हटल्यावर मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती पुनर्विकासाची. आपली इमारत पस्तीस वर्षांची आहे असे आपण लिहिले आहे. त्या भागातील अशा अनेक सोसायट्या विकासकांशी बोलणी करीत आहेत. पुनर्विकासात प्रत्येक सदस्याला जुनी जागा सोडून नव्या जागेसाठी विकासकाशी वैयक्तिक करार करावा लागतो, आणि मालमत्ता ‘अन्य प्रकारे’ हस्तांतरित करण्यालाही कलम ८ लागू होते म्हणून विकासकाचे वकील अज्ञान सदस्याच्या बाबतीत न्यायालयाची परवानगी मागतात. सर्व घरे रिकामी झाली आहेत, भाडे सुरू झाले आहे, आणि एका मुलाच्या परवानगीसाठी सर्वांचे काम अडले आहे, अशी स्थिती मी पाहिली आहे. त्या वेळी शेजारी मुलाच्या आईकडे ज्या नजरेने पाहतात ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. अशी परवानगी मिळते, कारण नवी आणि मोठी जागा मिळण्यात मुलाचा फायदा उघड दिसतो. मात्र अर्ज वेळेत झालेला हवा.

हे सर्व समजूनही बक्षीसपत्रच करायचे ठरले तर ते कसे करावे, ते आता पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ व १२३ नुसार स्थावराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत हवे, त्यावर किमान दोन साक्षीदार हवेत आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने ते स्वीकारलेले हवे. मूल करार करू शकत नाही, पण बक्षीस स्वीकारू शकते, कारण बक्षीस हा करार नव्हे. दस्तात घेणार म्हणून ‘कु. अमुक, वय ९ वर्षे, अज्ञान, तर्फे नैसर्गिक पालनकर्ती आई श्रीमती अमुक’ असे नाव घालावे, स्वीकाराचे स्वतंत्र कलम असावे आणि त्याखाली सुनेची सही व अंगठा असावा. राहत्या घराचे किंवा शेतजमिनीचे बक्षीस पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी यांना दिल्यास महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ खाली २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे. स्थानिक अधिभार लागू असल्यास तो वेगळा. आजोबांकडून नातवाला मिळालेल्या बक्षिसावर नातवाला आयकर नाही. मात्र फ्लॅट भाड्याने दिला तर ते भाडे, आणि विकला तर होणारा भांडवली नफा, हयात असलेल्या पालकाच्या म्हणजे सुनेच्या उत्पन्नात मिळवला जातो. जुन्या करप्रणालीत त्यातून वर्षाला फक्त १,५०० रुपयांची सूट मिळते, नव्यात तीही नाही. ही गोष्ट तिला दस्त करण्याआधी सांगावी, विवरणपत्र भरताना कळू देऊ नये.

बक्षीस परत घेता येत नाही, हे मात्र मनात पक्के बसवा. सर्वोच्च न्यायालयासमोर २००३ मध्ये निकाली निघालेले के. बालकृष्णन विरुद्ध के. कमलम हे प्रकरण आपल्या स्थितीशी जुळणारे आहे. आईने शाळेच्या मालमत्तेतील आपला हिस्सा अज्ञान मुलांना बक्षीस दिला, हयात असेपर्यंत उपभोग आणि व्यवस्थापन स्वतःकडे ठेवले, आणि पुढे तेच बक्षीसपत्र रद्द करायचा दस्त केला. न्यायालयाने म्हटले की मुलाने बक्षीस स्वीकारल्याचे परिस्थितीवरून गृहीत धरता येते, ताबा आईकडे राहिला म्हणून बक्षीस अपुरे ठरत नाही आणि ते रद्द करण्याचा अधिकार आईला उरलेला नव्हता. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपला आणि आपल्या पत्नीचा हयात असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क दस्तातच स्पष्ट शब्दांत राखून ठेवावा. त्याने बक्षीस कच्चे होत नाही, असे २०१४ च्या रेणिकुंटला राजम्मा प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. आणि मन पूर्ण तयार नसेल तर बक्षीसपत्रावर सही करू नये.

बऱ्याच लोकांना दस्तात एक अट हवी असते : ‘नातवाने पस्तीस वर्षांचा होईपर्यंत हे घर विकू नये.’ मालकी देऊन टाकल्यावर विक्रीवर संपूर्ण बंदी घालणारी अट मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे शून्य ठरते. बक्षीस टिकते, अट गळून पडते. तसेच बक्षिसाला कर्ज किंवा देणे जोडलेले असेल तर कलम १२७ नुसार मूल त्याला बांधील होत नाही, मात्र सज्ञान झाल्यावर ते देणे माहीत असूनही त्याने मालमत्ता ठेवून घेतली तर बांधील होते. आपल्या फ्लॅटवर कर्ज नसल्यामुळे या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही.

सोसायटीबाबत एक सूचना. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ प्रमाणे सदस्य होणारी व्यक्ती करार करण्यास सक्षम असावी लागते. वारसाने हिस्सा आलेल्या अज्ञानाला पालकामार्फत सदस्यत्व देण्याची सोय उपविधींत असते, परंतु बक्षिसाने आलेल्या अज्ञानाबाबत व्यवस्थापन समिती शंका काढू शकते. म्हणून बक्षीसपत्राआधीच समितीला लेखी पत्र देऊन नाव कसे लागेल, भागपत्रावर काय लिहिले जाईल आणि मतदानाचे काय, याची लेखी माहिती घ्यावी.

आता न्यासाकडे येऊ, कारण आपल्या मुलीच्या व्यवस्थेच्या सर्वांत जवळ जाणारा हाच मार्ग आहे आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तरही यातच आहे. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करून फ्लॅट विश्वस्तांच्या नावे करता येतो आणि लाभार्थी म्हणून नातवाचे नाव घालता येते. कायद्याच्या दृष्टीने मालक विश्वस्त असतात, मूल नव्हे. त्यामुळे न्यासपत्रात विक्रीचा अधिकार दिलेला असेल तर पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ ची परवानगी लागत नाही, पुनर्विकासाच्या करारावर विश्वस्त सही करू शकतात आणि आलेले पैसे नव्या घरात घालू शकतात. मुलाच्या पालनपोषणासाठी व शिक्षणासाठी उत्पन्नातून खर्च करण्याचा अधिकार कलम ४१ देते. विश्वस्ताने हिशेब ठेवलाच पाहिजे आणि न्यासाची मालमत्ता त्याला स्वतः विकत घेता येत नाही. अमेरिकेत कस्टोडियनबाबत जे कायदा आपोआप जोडतो ते इथे न्यासपत्रात एकेक करून लिहावे लागते, म्हणून हा मसुदा छापील नमुन्यावरून करू नये. विक्रीचा अधिकार, नवी मालमत्ता घेण्याचा अधिकार, विश्वस्त मरण पावल्यास किंवा काम करण्यास असमर्थ झाल्यास नवा कोण नेमणार, विश्वस्तांत मतभेद झाल्यास काय, हे सर्व त्यात असलेच पाहिजे. काही लिहिले नसेल तर कलम ४८ प्रमाणे सर्व विश्वस्तांनी मिळून काम करावे लागते, आणि तिथे एकाच्या नकाराने सर्व अडते.

वयाचा मुद्दा इथे अधिक बारकाईने पाहावा लागतो. पंचविसाव्या वर्षी ताबा द्यावा असे न्यासपत्रात लिहिता येते, पण लाभार्थी एकटाच असेल, मालमत्ता पूर्णपणे त्याच्यासाठीच असेल आणि तो सज्ञान असेल तर कलम ५६ प्रमाणे तो अठरा वर्षांचा झाल्यावर विश्वस्तांना ‘मालमत्ता माझ्या नावे करा’ असे सांगू शकतो. हे टाळायचे असेल तर लाभार्थी दोघे ठेवावेत, उदाहरणार्थ आपल्या पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यानंतर नातवाला मालमत्ता. किंवा ठरावीक वयाला पोहोचल्यावरच त्याचा हक्क पक्का होईल अशी रचना करावी. अठराव्या वाढदिवशी घराचे कागद हाती आलेल्या मुलावर मित्रमंडळींचे किती दडपण येऊ शकते हे पाहिल्यानंतर मी पंचवीस वर्षांच्या बाजूने आग्रह धरतो.

न्यासाची अडचण खर्चाची आहे. बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत न्यासपत्राला आपोआप मिळत नाही. हयातीत न्यास करायचा असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून दस्ताचा अभिनिर्णय करून शुल्क निश्चित करून घ्यावे, मगच सही करावी. मात्र न्यास मृत्युपत्रानेही करता येतो, आणि महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. म्हणून आपल्याला माझा सल्ला असा आहे : फ्लॅट आज आपल्याच नावे ठेवावा. नोंदणीकृत मृत्युपत्र करावे आणि त्यात आपल्या पश्चात पत्नीला तिथे राहण्याचा हयातभर हक्क द्यावा. फ्लॅट नातवासाठी न्यासात जावा, आणि आपले बंधू व आपली सून असे दोघेही विश्वस्त असावेत. आपण एकट्या भावाचे नाव सुचवले होते. परंतु भाऊही सत्तरीकडे झुकले आहेत, आणि मुलाच्या दैनंदिन गरजा आईइतक्या कोणाला कळत नाहीत. दोघांच्या सहीशिवाय विक्री होणार नाही एवढ्यानेच आपल्या धास्तीचे उरलेले निम्मे मिटते, आणि कोणाचा अपमानही होत नाही. मृत्युपत्र आपण केव्हाही बदलू शकता. दरम्यान पुनर्विकास झाला तर करारावर आपण स्वतः सही कराल आणि न्यायालयाचा प्रश्नच येणार नाही. मृत्युपत्रात ‘सध्याचा फ्लॅट किंवा त्याऐवजी मिळणारी जागा’ असे शब्द घालण्यास विसरू नये. फ्लॅट हयातीतच नातवाचा झाला पाहिजे, ही आपली इच्छा यातून पूर्ण होत नाही हे मला माहीत आहे. पण आपण दोघे त्या घरात राहत आहात, आणि आज मालकी सोडल्याने नातवाला असे काही मिळणार नाही जे त्याला या मार्गाने मिळत नाही.

जमिनीचा विचार वेगळा करावा लागेल. ती वडिलोपार्जित असल्यामुळे नातवाचा तिच्यात जन्मतःच हक्क आहे, आणि मुलाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा वर्ग १ च्या वारसांकडे म्हणजे सून, नातू आणि मुलाची आई म्हणून आपल्या पत्नी यांच्याकडे आधीच गेलेला आहे. जे त्याचे आधीच आहे ते आपण त्याला बक्षीस देऊ शकत नाही, आणि त्यात आपल्या मुलीचाही स्वतःचा हक्क आहे. तिथे प्रथम मुलाच्या वारसांची नोंद झाली आहे का ते पाहावे. सातबाऱ्यावर नातवाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा लागतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. जमीन एकत्र असेपर्यंत तिच्यातील अज्ञानाच्या अविभक्त हिश्शाला कलम ८ लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या श्री नारायण बाळ प्रकरणात म्हटले आहे. कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरजेसाठी किंवा कुटुंबाच्या फायद्यासाठी ती हस्तांतरित करू शकतो. वाटप होऊन नातवाचा हिस्सा स्वतंत्र झाला की मात्र कलम ८ लागू होते. जमीन विकायचा विचार असेल तर हा क्रम लक्षात ठेवून वाटपाचा निर्णय घ्यावा.

वाचणाऱ्यांत इतर समाजांतील कुटुंबेही असतील म्हणून एवढे सांगतो की वरील कलम ८ हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी आहे. मुस्लिम कायद्यात मालमत्तेपुरती आई नैसर्गिक पालक नसते. पिता, त्याने मृत्युपत्राने नेमलेला, आजोबा, आणि आजोबांनी नेमलेला असा क्रम आहे, आणि आईने स्वतःच्या अधिकारात केलेली विक्री मुळातच शून्य असते. ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना १८९० चा अधिनियम पाहावा लागतो. गोव्यातील कुटुंबांना तर देण्याआधीच थांबावे लागते, कारण तेथील वारसा कायद्यात मुला-नातवंडांसाठी निम्मी संपत्ती राखीव असते आणि देणारा आपल्या मर्जीने उरलेल्या निम्म्यापुरताच मोकळा असतो.

नातू अठरा वर्षांचा झाला की काही कामे लगेच करावीत. सातबाऱ्यावरील अपाक शेरा कमी करण्यासाठी जन्मतारखेच्या पुराव्यासह अर्ज द्यावा. तो ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो. बँक खाते, पॅन आणि म्युच्युअल फंडाचे फोलिओ अज्ञान या वर्गातून बाहेर काढावेत, नाहीतर फंडातील चालू हप्ते थांबतात. सुनेने तोपर्यंतचा हिशेब त्याला लेखी द्यावा. तो मागणार नाही, तरी द्यावा.

आपल्या शेवटच्या ओळीत मुलीला विश्वस्त करावे का असेही विचारले होते. कायद्याने ती होऊ शकते. पण ती अमेरिकेची करदाती आहे, आणि न्यासाच्या भारतातील बँक खात्यावर तिला सहीचा अधिकार मिळाला तर, तिच्या परदेशी खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरवर गेल्यास, तिला अमेरिकी सरकारला त्या खात्याची दरवर्षी माहिती द्यावी लागते, पैसे तिचे नसले तरीही. शिवाय इथल्या प्रत्येक दस्तासाठी तिला यावे लागेल किंवा कुलमुखत्यारपत्र पाठवावे लागेल. तिचे नाव भावाच्या पश्चात नेमायची विश्वस्त म्हणून मृत्युपत्रात ठेवावे, आणि ते ठेवण्याआधी तिच्या तिकडच्या कर सल्लागाराला मसुद्याचे ते कलम दाखवावे.